पाच काळ्या तारा

नेरेइदाला त्या केबलीचा पहिला राग आला तो तिच्या रंगावरून. हार्ड डिस्कला वीज पुरवणारी ती केबल तिनं खिडकीच्या उजेडात धरली, उलटसुलट केली, तारा मोजल्या आणि अंगणात रंधा मारत असलेल्या नवऱ्याला हाक मारली.

"आर्सेनिओ, पाच तारा आहेत आणि पाचही काळ्या! ही केबल आहे की कुणाच्या मयताला निघालेली मंडळी?"

"भोकात बसते का?"

"बसते."

"मग रंग कशाला विचारतेस? लाव आणि बटण दाब. चार वाजता वीज जाईल, मग बस मेणबत्तीशी गप्पा मारत."

आर्सेनिओ सुतार. त्याच्या जगात जे खाचेत बसलं ते बरोबर, आणि जे बसत नाही ते तासून बसवायचं. नेरेइदाचं तसं नव्हतं. टेलिफोन केंद्रात बावीस वर्षं काढलेली बाई ती. तार कुठून निघते आणि कुठे जाते हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लहानपणी तिनं वडिलांचा रेडिओ उघडला होता. लग्नानंतर आठ दिवसांत सासूचं शिवणयंत्र उघडलं होतं, आणि सासू त्याबद्दल मरेपर्यंत बोलत होती.

आज मात्र प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. सान एलिहिओ गावाच्या दोन आळ्या: खालची कासवांची, टेकडीवरची घारींची. दर चोवीस डिसेंबरला दोन्ही आळ्या चौकात समोरासमोर दिव्यांचा एकेक मनोरा उभा करतात, चर्चच्या घंटेइतका उंच. परीक्षक कुणी नसतो. कोण जिंकलं ते ओरडून ठरवायचं आणि पुढचं वर्षभर त्यावर भांडायचं. मनोऱ्यात काय असणार हे गुपित म्हणजे आळीची अब्रू. सप्टेंबर लागला की वरचे आणि खालचे एकमेकांशी बोलणं टाकतात; टेकडीवर दिलेल्या लेकीसुद्धा रस्त्यात आईला ओळख दाखवत नाहीत. आराखड्याची दुसरी प्रत कुणी काढत नाही, कारण दुसरी प्रत निघाली की तिला पाय फुटतात, असा दोन्हीकडचा अनुभव.

त्यामुळे कासवांचा यंदाचा अख्खा मनोरा, म्हणजे कुठला दिवा कितव्या सेकंदाला लागणार आणि कधी विझणार, नेरेइदाच्या टेबलावरच्या एका हार्ड डिस्कमध्ये होता. तेवढ्या एकाच. जुना संगणक नोव्हेंबरात, गेलेली वीज धाडकन परत आली तेव्हा, धूर काढून मेला. डिस्क वाचली. आता नवा संगणक सुट्या भागांतून जोडायचा होता, आणि डिसेंबरची नऊ तारीख उजाडली होती. डिस्क जळली तर चोवीसला चौकात कासवांचं नुसतं लाकूड उभं राहणार होतं.

सुटे भाग माग्दानं आणले होते. माग्दा महिन्यातून एकदा विमानानं पनामाला जाते आणि गावाला लागेल ते सुटकेसमधून घेऊन येते: चष्मे, रक्तदाबाच्या गोळ्या, मोटरसायकलचे ब्रेक. सुटकेसमध्ये बोटभर जागा वाया जाऊ नये म्हणून वस्तूंचे खोके ती तिकडेच फेकून देते. खोका म्हणजे विकतची हवा, असं तिचं म्हणणं. नेरेइदाचा पॉवर सप्लाय कुणाच्या तरी नव्या टॉवेलात गुंडाळून आला. मदरबोर्डाची आणि प्रोसेसरची अशा जाड केबली त्याच्या पोटातूनच निघालेल्या होत्या. डिस्कची तेवढी सुटी, वेगळ्या पिशवीत.

सकाळपासून तिनं एकेक जोडत आणलं होतं. चोवीस पिनांची जाड केबल मदरबोर्डाच्या कडेला, खटका वाजेपर्यंत दाबून. आठ पिनांची वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरजवळ. ती मागून फिरवून आणताना दोन बोटं सोलली. राहिली होती ती ही शेवटची. तिचं एक टोक पॉवर सप्लायमध्ये लोण्यात सुरी जावी तसं गेलं. दुसरं डिस्कमध्ये जाणार हेही दिसत होतं. तरी तिचा हात पुढे होईना.

तो न मोजता पुढे केला असता आणि बाल्दोमेरो मास्तर इथं असते, तर त्यांनी हातावर फटका मारला असता. केंद्रात पहिल्या दिवशी त्यांनी तिला मनगटाएवढ्या केबलीसमोर बसवून आतल्या तारांचे रंग पाठ करून घेतले होते: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. चुकली की परत पहिल्यापासून. आणि ते पाठ झाल्यावर म्हणाले होते, "आता रंगावरही विश्वास ठेवू नकोस. रंगवणारा माणूस सोमवारी सकाळी पेंगत असू शकतो. आधी मोजायचं, मग जोडायचं." पुढं बावीस वर्षं दोघांनी एका टेबलावर भात आणि काळा घेवडा खाल्ला. पण मास्तर टेकडीवरचे, घारींच्या मनोऱ्याचे वीजमिस्त्री, आणि डिसेंबर म्हणजे डिसेंबर. यंदाचा मनोरा आपला शेवटचा असं मास्तरांनी सांगून टाकल्याचं तिनं पावाच्या रांगेत ऐकलं होतं. शेवटचा म्हणून म्हातारा काय करत असेल, या विचारानं तिला महिनाभर झोप नीट लागली नव्हती. विचारायची तर सोय नव्हती.

"मोजते," नेरेइदा स्वतःशीच म्हणाली आणि मीटर काढला.

मदरबोर्डातली जाड केबल तिनं परत उपसली. बोर्डाशिवाय पॉवर सप्लाय जागा करायचा तर त्या जाड केबलीतली दोन भोकं एकमेकांना जोडावी लागतात. एरवी तिथं हिरवी आणि काळी तार असते. इथं सगळ्याच काळ्या, म्हणून तिनं खटक्याच्या बाजूनं मोजत चौथं आणि पाचवं भोक गाठलं आणि केसातला आकडा काढून त्यांत खोचला. पंखा फिरला. आर्सेनिओ रंधा ठेवून दारात आला.

"आकड्यानं संगणक चालतो?"

"संगणक नाही. नुसता सप्लाय. गप्प उभा राहा."

जुन्या, मेलेल्या सप्लायची केबल रंगीत होती: पिवळ्या तारेत बारा व्होल्ट, लालमध्ये पाच, नारिंगीत तीनाहून थोडे जास्त, अधेमधे दोन काळ्या. ती तिनं शेजारी ठेवली आणि नव्या केबलीत त्याच त्याच जागी मीटरच्या सुया टेकवल्या. पिवळ्याच्या जागी आले पाच. लालच्या जागी आले बारा.

ती आधी मीटरवर रागावली. सुया पुसल्या, परत टेकवल्या. पाच आणि बारा. मग तिला मजाच वाटायला लागली. केबल काढून तिनं सुया थेट सप्लायच्या भोकांत घातल्या: तिथं सगळे व्होल्ट शहाण्यासारखे हजर. मग केबलीची एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली: एकही तुटलेली नाही. सप्लाय निरोगी, केबल निरोगी, आणि दोघांचं लग्न लावलं की खून! तिनं भिंग आणलं. केबलीच्या टोकावर नखाएवढा मुकुट कोरलेला होता. सप्लायवर मुकुट कुठंच नव्हता. त्याच्यावर होता मासा.

"वेगळ्या कारखान्याची आहे रे ही," ती म्हणाली. "भोकाचा आकार तोच ठेवलाय आणि आत तारा आपापल्या मर्जीनं लावल्यात. असं कुणी करतं का? आकार तोच का ठेवला मग?"

"पण लावली असती तर?"

"पाचाच्या जागी बारा. डिस्क जागच्या जागी गेली असती."

आर्सेनिओनं छातीवर क्रूस काढला. नेरेइदाच्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न उभा होता. ही केबल आपली नाही, तर मग कुणाची? आणि आपली कुणाकडे आहे?

माग्दा तीन घरं सोडून राहायची. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"माग्दा, माझ्याबरोबर आणखी कुणाचा पॉवर सप्लाय आणलास?"

"मी शपथ घेतलीय."

"कुणापुढे?"

"ते सांगितलं तर शपथ कसली गं? तुमच्याही लोकांनी घ्यायला लावलीच की, कासवांनी संगणक मागवला हे बाहेर फुटता कामा नये म्हणून. त्यापायी तर पिशव्यांवर नावंसुद्धा घातली नाहीत मी."

"म्हणजे पिशव्या दोन होत्या."

माग्दाचे हात थांबले. "मी असं कुठं म्हटलं?"

"दोन सप्लाय, दोन सुट्या केबली, दोन्ही काळ्या. आणि तू वाटल्यास अंदाजानं."

"डोळ्यांना सारख्याच दिसत होत्या त्या! मी काय त्यांचा बाप्तिस्म्याचा दाखला मागू?"

"दुसरी टेकडीवर गेली ना?"

माग्दा तांदळात नसलेला खडा शोधू लागली. तेवढं उत्तर पुरेसं होतं.

"माग्दा, ती जोडली तर त्यांची डिस्क जळेल. अख्खा मनोरा जाईल त्यांचा."

आता माग्दानं सूप खाली ठेवलं. "अगं बाई! सकाळी ओस्मारा भेटली होती, बाल्दोमेरोची लेक. सामानापुरतं बोलते ती माझ्याशी. म्हाताऱ्याचे हात थरथरतात म्हणून तिनंच सगळं जोडलंय. म्हणाली, आमच्याकडे चारला वीज येते, तोवर मी बटणावर बोट ठेवूनच बसणार आहे."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. या गावात खालची वीज गेली की वरची येते, ठरल्याप्रमाणे चारला. नेरेइदानं तिथूनच ओस्माराला फोन लावला. तो वाजत राहिला. डिसेंबरात खालचा नंबर दिसला की टेकडीवर कुणी फोन उचलत नाही.

घरी येऊन ती केबल कागदात गुंडाळू लागली तेव्हा आर्सेनिओ दारात आडवा झाला.

"तू वर जाणार? शुद्धीवर आहेस का?"

"बाजूला हो."

"ऐक माझं. आपण काही केलं का? नाही. केलं ते माग्दानं. नाहीतर विमानानं. नाहीतर त्या काळा रंग देणाऱ्यानं. चार वर्षं हरतोय आपण, नेरेइदा. चार! देवानं एकदा आपल्याकडे बघितलं, तर तू त्याला म्हणणार, राहू दे, नको?"

खोटं कशाला सांगा, एक क्षण तिला ते गोड वाटलं. पण लगेच तिच्या डोळ्यांपुढं आले ते दुपारची झोप मोडून उठलेले मास्तर, जळक्या वासानं नाक वर करणारे.

"शेवटचा मनोरा आहे त्यांचा," ती म्हणाली. "आणि तो जळला तर मला कधीच कळणार नाही त्यात काय होतं! आयुष्यभर हे डोक्यात घेऊन बसू मी? तुझ्या शेजारी?"

आर्सेनिओ बाजूला झाला.

टेकडीचा चढ तिनं धापा टाकत काढला. वरच्या कोपऱ्यावर घार रंगवलेली आहे, तिच्यापुढं डिसेंबरात कासवानं पाऊल टाकायचं नसतं. एका खिडकीतून बाई किंचाळली, "कासव! कासव आलं!" दारं धडाधड लागली. मास्तरांचं दार ओस्मारानं चेहऱ्याएवढं उघडलं.

"लाज कोळून प्यायलीस का?"

"शिव्या नंतर दे. बटण दाबू नकोस. डिस्कची केबल काढ आधी."

"वा! म्हणजे आमचा मनोरा बंद."

"ती केबल माझी आहे."

"आता केबलसुद्धा तुमचीच! उद्या म्हणशील घारही तुमची. हेरगिरीच करायची तर जरा बरी सोंगं आणा की!"

आतून खाटेची करकर ऐकू आली. "कोण आहे गं?"

"कासव आहे, बाबा."

"कुठलं?"

"नेरेइदा, मास्तर," नेरेइदा दाराच्या फटीतून ओरडली.

तीन महिन्यांनी तिनं त्यांना हाक मारली होती. मग मास्तरांनी विचारलं, "मोजलंस का?"

"मोजलं मास्तर. लालच्या जागी बारा."

"ओस्मारा, सोड ते बटण! आधी लांब हो तिथून."

घड्याळात चारला बारा मिनिटं होती. दारातच कुजबुज झाली, भांडण झालं. केबल बदलून आपणच लावू, असं ओस्माराचं म्हणणं. मास्तर ऐकेनात: मोजल्याशिवाय या घरात काही जोडलं जाणार नाही, त्यांच्या हातात सुई ठरत नाही आणि लेकीला मीटर येत नाही. पण भिंतीभर आराखड्याचे कागद लावलेले होते, ते उतरवायचे म्हणजे तास गेला असता. शेवटी ओस्मारानं स्वयंपाकघरातलं फडकं आणलं आणि नेरेइदाच्या डोळ्यांवर अशी गाठ मारली की केस उपटले.

"लसणाचं आहे का गं हे?"

"असू दे. घारींच्या घरचा लसूण आहे."

हाताला धरून तिला टेबलापाशी नेलं. पायाखाली कागद वाजला, कोपराला पुठ्ठ्याचं काहीतरी लागलं आणि ओस्मारा "हं!" म्हणून ओरडली. उभ्या जन्मात नेरेइदा एवढ्या मोठ्या गुपिताच्या इतक्या जवळ कधी आली नव्हती. फडक्याच्या खालच्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ होती. मान जराशी मागं केली असती तर काम झालं असतं. तिनं मान खाली घातली आणि बोटांना पुढं केलं.

बोटांना अंधार नवा नव्हता. त्यांनी सप्लाय शोधला, चपट्या केबलीचा खटका दाबून ती ओढली, टोकावर नख फिरवलं: मासा. कागदातली काढली, नख फिरवलं: मुकुट. मुकुटवाली तिनं सप्लायमध्ये बसवली. जाड केबलीतली भोकं मोजून आकडा खोचला. डिस्क सुटी ठेवली.

"पाचही काळ्या आहेत, मास्तर," ती म्हणाली. "रंग गेले हो सगळे."

"कुठं गेले?" मास्तर म्हणाले. "आहेत की."

याचा अर्थ काय ते विचारणार तोच भिंतीलगतचा फ्रिज धडधडला. वीज आली. सप्लायचा पंखा फिरला. नेरेइदानं चाचपत एकेका जागी सुया टेकवल्या आणि मास्तरांनी आकडे वाचले, केंद्रात वाचायचे तसेच, प्रत्येक आकड्यानंतर थांबून.

"तीन पूर्णांक तीन. शून्य. पाच. शून्य. बारा."

"परत वाचा."

"तीन पूर्णांक तीन. शून्य. पाच. शून्य. बारा. बरोबर आहे, पोरी. जोड."

तिनं सप्लाय बंद करून जोडलं. जाड केबल बोर्डात, केबलीचं टोक डिस्कमध्ये. ओस्मारानं बटण दाबलं. डिस्क बारीक आवाजात फिरायला लागली, आणि थोड्या वेळानं फडक्यातून निळसर उजेड आत आला.

"आला, बाबा! सगळा आला!" ओस्मारा रडत होती की हसत होती ते फडक्याआडून कळेना. ती येऊन नेरेइदाच्या गळ्यात पडली आणि लगेच बाजूला झाली.

मास्तर तिच्या अगदी कानाशी येऊन म्हणाले, "बघायचंय?"

"बाबा!" ओस्मारा किंचाळली.

नेरेइदाचा हात गाठीपर्यंत गेला. तिथं तो थोडा वेळ राहिला. तिला बघायचं होतं, फार बघायचं होतं.

"ओस्मारा, गाठ घट्ट कर," ती म्हणाली. "सुटायला लागलीय."

तिला फडक्यासकट घारीच्या कोपऱ्यापर्यंत सोडण्यात आलं. स्वतःची केबल छातीशी धरून ती खाली आली तेव्हा कासवांच्या आळीत वीज नव्हती आणि निम्मी आळी तिच्या दारात उभी होती.

"काय काय बघितलंस?" आर्सेनिओनं विचारलं.

"लसणाचं फडकं."

कुणाचाच विश्वास बसला नाही, आणि सगळ्यांना तिचा अभिमानही वाटला, कारण प्रत्येकाला खात्री होती की तिनं बघितलंय आणि ती योग्य वेळी सांगणार.

चोवीसला रात्री नऊला कासवांचा मनोरा आधी पेटला. चांगला झाला, पण नेरेइदाचं लक्ष त्याच्यात नव्हतं. मग समोरचा घारींचा मनोरा काळोखात तसाच उभा राहिला, इतका वेळ की खालचे लोक शिट्ट्या मारायला लागले. आणि तळाला एक कडं लागलं. निळं. नुसतं निळं, शांत. त्याच्यावर दुसरं, नारिंगी.

नेरेइदा एक पाऊल पुढं सरकली. "हिरवं," ती म्हणाली.

तिसरं कडं हिरवं लागलं. आर्सेनिओनं वळून तिच्याकडं बघितलं.

"तपकिरी."

"तपकिरी दिवा असतो का कुठं?" कुणीतरी म्हणालं. पण चौथ्या कड्यात नारिंगी दिवे इतके मंद लागले होते की भाजलेल्या कॉफीचा रंग आला होता. कासवांच्या बाजूनं एकदम आरडाओरडा सुरू झाला.

"हिनं बघितलं होतं!"

"पंधरा दिवस गप्प बसली! आपल्याशी!"

"फडक्यातून दिसत होतं ना गं तुला?" आर्सेनिओ ओरडत होता. "खरं सांग!"

काय सांगणार? कधीच बंद झालेल्या केंद्रातली केबल चर्चच्या घंटेइतकी उंच उभी राहिली होती, आणि अख्ख्या चौकात ती वाचता येणारी माणसं दोनच होती. पण शेवटचा रंग तिलाही अडला. राखाडी दिवा कसा करणार मास्तर? राखाडी उजेड कसा असतो? ती टाचा उंचावून बघत राहिली. अगदी टोकाला पांढरे दिवे लागले, पुरते नाही, विझता विझता राहिलेले, आणि काळ्या आभाळावर चुलीतल्या राखेचा रंग उमटला.

"असं करतात होय!" नेरेइदा मोठ्यानं म्हणाली.

समोर, घारींच्या गर्दीत, मास्तर खुर्चीवर बसले होते. त्यांची पाठ मनोऱ्याकडे होती. ते खालच्या बाजूच्या गर्दीत कुणालातरी शोधत होते, आणि ती सापडल्यावर त्यांनी थरथरता हात वर केला. त्या वर्षी कोण जिंकलं यावर गावात अजून भांडण चालू आहे. नेरेइदाच्या आळीनं तिच्याशी जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत अबोला धरला.

मनोरा विझला, आणि परत पहिल्यापासून सुरू झाला. "निळा," नेरेइदा म्हणाली. तिचे डोळे वाहत होते, आणि या वेळी ती एकदाही चुकली नाही.